प्रेमात अडसर हवाच: जुन्या रॉमकॉमचा रिमेक कसा होतो

टपाल कचेरीत भिंतभर छोटे छोटे खण. कॅमेरा खणांच्या मागच्या बाजूला, जिथून टपालखात्याचा माणूस पत्रं आत टाकतो तिथे. पलीकडून एका खणाचं झाकण उघडतं. हातमोजा घातलेला हात आत शिरतो, तळाशी चाचपडतो. काही लागत नाही. हात मागे जातो आणि त्याच चौकोनातून एका मुलीचा चेहरा आत डोकावतो. खरंच काही आलेलं नाही ना, याची खात्री करून घ्यायला.

हा शॉट १९४० सालच्या ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ या हॉलिवूडच्या चित्रपटातला. आता समजा, हाच सिनेमा तुम्हाला आजच्या प्रेक्षकांसाठी पुन्हा करायचाय. त्या खणाच्या जागी काय दाखवाल? बहुतेकांचं पहिलं उत्तर ठरलेलं: व्हॉट्सॲप. मुलगी फोन उघडते, मेसेज नाही, चेहरा पडतो. झालं काम.

पण नाही होत. रिकामा खण काहीच सांगत नाही. पत्र वाटेत असेल, लिहिणारा आजारी असेल, काय लिहावं हे त्याला सुचत नसेल. म्हणून त्या चेहऱ्यावर काळजी आणि आशा एकाच वेळी दिसतात. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र सगळं सांगून मोकळ्या होतात. त्यानं वाचलं, रात्री अकरा सत्तेचाळीसला वाचलं आणि उत्तर दिलं नाही. इथे काळजी करायला वावच उरत नाही, उरतो तो अपमान. वस्तू बदलली तशी भावना बदलली, आणि भावना बदलली की पुढचा सीनही वेगळा लिहावा लागतो. जुन्या रॉमकॉमच्या, म्हणजे रोमँटिक कॉमेडीच्या, रिमेकचं दुखणं इथे आहे. कपडे, गाड्या, गाणी बदलणं सोपं असतं.

रोमँटिक कॉमेडीचा शेवट प्रेक्षकाला पोस्टर पाहतानाच ठाऊक असतो. ही दोघं एकत्र येणार. मग माणूस दोन तास खुर्चीत बसतो कशासाठी? ती दोघं एकत्र यायला इतका उशीर का लागतोय, हे बघण्यासाठी. म्हणजे या प्रकारातला सगळ्यात महत्त्वाचा भाग नायक नाही, नायिका नाही आणि विनोदही नाही, तर त्या दोघांच्या मध्ये असलेला अडसर. जुन्या वाड्याच्या दाराला आतून लावायचे तो आडवा दांडका आठवा. तो लाकडाचा हवा. पुठ्ठ्याचा असेल तर प्रेक्षक म्हणतो, ‘अरे, ढकल की दार!’

आणि अडसर त्या त्या काळाच्या लाकडाचा असतो. घरच्यांचा विरोध, पैशांची तफावत, चुकलेली गाडी, न पोचलेलं पत्र. पन्नास वर्षांत यातल्या निम्म्या गोष्टींना वाळवी लागते. एकट्या मोबाइलनं किती प्रेमकथा खाल्ल्या याची मोजदाद नाही. ‘ती स्टेशनवर वाट बघत होती आणि त्याला माहीतच नव्हतं’ असं आज लिहिलंत, तर पहिल्या रांगेतली मुलगी विचारणार, फोन का नाही केला? मग लेखक घाईनं बॅटरी संपवतो किंवा रेंज घालवतो. तो पुठ्ठ्याचा अडसर.

आता त्या दुकानाकडे परत जाऊ, कारण एकाच गोष्टीचे इतके नीट जपलेले अवतार क्वचित सापडतात. मूळ नाटक हंगेरियन, मिक्लोश लास्लो याचं, १९३७ सालचं. बुडापेस्टमधल्या अत्तरांच्या दुकानात घडणारं. तीनच वर्षांत एर्न्स्ट लुबिचनं त्यावर सिनेमा केला. लुबिच बर्लिनचा, वडिलांचा तिथे कपड्यांचा व्यवसाय. दुकान आतून कसं चालतं, मालकाचा मूड बिघडला की नोकर काउंटरमागे कसे सरकतात, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. त्यानं अत्तराच्या जागी चामड्याच्या वस्तू आणल्या, पण गाव बुडापेस्टच ठेवलं. पात्रं अमेरिकन इंग्रजी बोलतात, पाट्या हंगेरियन, आणि कोणाला काही खटकत नाही.

गोष्ट अशी. जेम्स स्टुअर्टचा क्रालिक हा दुकानातला जुना, भरवशाचा विक्रेता. मार्गरेट सलव्हनची क्लारा नवी. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. आणि दोघंही वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीतून जुळलेल्या अनोळखी माणसाला पत्रं लिहीत असतात. तो अनोळखी माणूस कोण, हे वाचकाला एव्हाना कळलंच असेल.

क्लाराला नोकरी कशी मिळते तो प्रसंग जरा थांबून बघण्यासारखा आहे. मालकाला एक सिगारेटची डबी आवडलीय. झाकण उघडलं की तिच्यातून एक रशियन गाणं वाजतं. क्रालिकचं म्हणणं, हे खपणार नाही; सिगारेट ओढणारा माणूस दिवसातून वीसपंचवीस वेळा तेच गाणं ऐकेल का? एवढ्यात क्लारा काम मागायला येते. जागा नाही, असं उत्तर मिळतं. ती समोरच्या गिऱ्हाइकाला तीच डबी गोळ्या-चॉकलेटांची डबी म्हणून दाखवते. बाईसाहेब, आपण नकळत जास्त खातो ना? झाकण उघडलं की गाणं वाजतं, आणि गाणं सांगतं, आता पुरे. डबी खपते. क्लारा नोकरीला लागते आणि क्रालिकच्या डोळ्यांत सलते.

इथे अडसर नेमका कुठला? वरवर पाहता पत्रं. पण खालचा, खरा लाकडी अडसर आहे नोकरी. बाहेर काम मिळत नाही. भांडण झालं म्हणून कोणी राजीनामा फेकून निघून जाऊ शकत नाही. मालक रागावला तर संसार उघड्यावर येईल ही भीती दुकानातल्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर आहे. पत्रांमुळे ही दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, आणि पोटामुळे एकमेकांना सोडून जाऊ शकत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकदम लागतात. एक काढली की सगळी गोष्ट कोसळली.

१९४९ साली याच गोष्टीचं ‘इन द गुड ओल्ड समरटाइम’ झालं. जूडी गार्लंड, शिकागो, वाद्यांचं दुकान, भरपूर गाणी, आणि काळ मुद्दाम मागे नेलेला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १९६३ साली ब्रॉडवेवर ‘शी लव्हज मी’ हे संगीत नाटक आलं, त्यानं मात्र बुडापेस्ट आणि अत्तराचं दुकान दोन्ही परत आणलं. हाही एक मार्ग आहे हे आपले निर्माते विसरतात. अडसर आजच्या काळात टिकत नसेल, तर गोष्टच त्याच्या काळात राहू द्यावी. सेटचा खर्च वाढतो, डोक्याचा ताप कमी होतो.

मग १९९८ साली दिग्दर्शिका नोरा एफ्रॉनचा ‘यूव्ह गॉट मेल’ आला. पत्रांच्या जागी ईमेल. हा बदल सगळ्यांना दिसतो, आणि तो जमलाही होता, कारण तेव्हाचा ईमेल म्हणजे आजचा ईमेल नव्हे. मॉडेम किंचाळत फोन लावणार, मग जोडणी होणार, मग कॉम्प्युटरमधला आवाज सांगणार की टपाल आलंय. खण उघडण्यातला तो क्षण शाबूत होता. खऱ्या नावाऐवजी टोपणनाव वापरणं तेव्हा सहज चालायचं. दोघांनाही आधीपासून जोडीदार होते, त्यामुळे ईमेलला थोडी चोरीची चवही होती.

एफ्रॉननं केलेला मोठा बदल दुसरा होता. न्यूयॉर्कमध्ये १९९८ साली पोटासाठी एका दुकानात अडकलेली दोन माणसं हा अडसर पटला नसता. नाही पटत तर दुसरी नोकरी बघ, असं प्रेक्षकच म्हणाला असता. म्हणून तिनं सहकाऱ्यांना प्रतिस्पर्धी केलं. मेग रायनची कॅथलीन लहान मुलांच्या पुस्तकांचं छोटं दुकान चालवते, आईकडून आलेलं. दुकानाचं नाव ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’, म्हणजे जुन्या सिनेमाला केलेला नमस्कार. टॉम हँक्सचा जो फॉक्स त्याच भागात पुस्तकांचं अवाढव्य दुकान उघडतो, सवलती देतो, कॉफी पाजतो. नोकरीच्या भीतीची जागा धंदा बुडण्याच्या भीतीनं घेतली. लाकूड नवं, दांडका तितकाच जड. कारागिरी म्हणून बघितलं तर याला तोड नाही.

पण मागच्या दिवाळीत मी हा सिनेमा माझ्या भाचीबरोबर पाहिला. ती एकोणीस वर्षांची. कॅफेचा प्रसंग झाला, आणि पुढच्या अर्ध्या तासात ती अस्वस्थ होत गेली. शेवटी म्हणाली, “मामा, याला कळलंय ना ती कोण आहे ते? मग सांगत का नाही? तिचं दुकान यानंच बंद पाडलं, आणि हा तिच्याकडे फुलं घेऊन बसलाय?” मी म्हटलं, अगं, जुन्या सिनेमातही असंच आहे. मग स्वतःलाच विचारलं, खरंच तसंच आहे का? दुसऱ्या दिवशी १९४०चा सिनेमा पुन्हा लावला.

कॅफेचा प्रसंग दोन्हीकडे जवळपास सारखा. ती पुस्तक आणि फूल घेऊन अनोळखी मित्राची वाट बघतेय. त्याचा दोस्त खिडकीतून आत डोकावतो आणि सांगतो, बाबा रे, ही तर तीच. तो आत जातो, पण तो पत्रातला माणूस म्हणून जात नाही, तिचा नावडता माणूस म्हणून जातो. ती त्याला चांगलंच टाकून बोलते. जुन्या सिनेमात तर ती दुकानातल्याच वस्तूंच्या उपमा देऊन त्याची सालटी काढते.

फरक त्या प्रसंगाच्या आधी घडलाय. क्रालिकला त्याच दिवशी नोकरीवरून काढलंय. मालकाला संशय, याचं आपल्या बायकोशी काहीतरी चाललंय, आणि तो संशय चुकीचा. म्हणजे क्रालिक कॅफेत शिरतो तेव्हा त्याच्याकडे फक्त एक गुपित आहे. नोकरी नाही, अधिकार नाही, इभ्रतही जाऊ घातलेली. क्लाराचं तो काही वाकडं करू शकत नाही. पुढे मालकाला आपली चूक कळते आणि क्रालिक मॅनेजर होतो; तिथून गुपिताबरोबर अधिकारही त्याच्याकडे येतो, आणि शेवटी तो तिची थोडी जास्तच गंमत करतो असं मला वाटतं. पण प्रेक्षकानं त्याला आधी रस्त्यावर आलेला पाहिलंय, म्हणून तो खपवून घेतो.

जो फॉक्स कॅफेत शिरतो तेव्हा त्याच्याकडे गुपितही आहे आणि तिच्या पोटावर पाय देण्याची ताकदही. आणि तो ती वापरतो. दुकान बंद होतं. रिकाम्या दुकानात उभ्या असलेल्या कॅथलीनला आई आणि लहानपणची ती स्वतः नाचताना दिसतात, हा प्रसंग एफ्रॉननं डोळे ओले होतील असा घेतलाय. म्हणजे काय हरवलं हे एफ्रॉनला पक्कं ठाऊक होतं. आणि तरीही पुढे सगळं गोड होतं. भाचीला टोचलं ते हेच. अडसर बदलताना सत्तेचा तोल कुठे झुकला, याचा हिशेब सिनेमानं अर्धवट सोडला होता.

म्हणून रिमेकची पटकथा हातात आली की मी पहिल्यांदा एक कागद घ्यायला सांगेन. गुपित कोणाला माहीत आहे? केव्हापासून? आणि त्या माहितीच्या जोरावर तो दुसऱ्याचं काय करू शकतो? जुन्या सिनेमांत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा नायकाच्या बाजूनं जातं आणि कोणाला त्याचं काही वाटत नसे. आजच्या प्रेक्षकाला वाटतं. हे फाजील हळवेपण नाही. लपवाछपवीची गंमत दोघं बरोबरीचे असले तरच येते, नाहीतर ती एकट्याचीच करमणूक.

हाच कागद मुंबईच्या एका सिनेमाला लावून बघा. बासू चटर्जींचा ‘छोटी सी बात’, सत्तरच्या दशकातला. अमोल पालेकरांचा अरुण रोज बस स्टॉपपासून प्रभाच्या मागे मागे चालतो. बोलण्याचं धाडस नाही. पुढे खंडाळ्याच्या कर्नलकडून धडे घेतो आणि बदलून येतो. याचाही सांगाडा परदेशी, ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या १९६०च्या ब्रिटिश चित्रपटाचा. पण आपल्याला तो इतका मुंबईचा वाटतो की सांगितलं तरी पटत नाही. आता आजचा प्रेक्षक म्हणणार, रोज मुलीच्या मागे जाणं म्हणजे पाठलाग. २०१३च्या दुरुस्तीनं तो स्वतंत्र गुन्हा झाला, आणि भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८मध्ये आहे. मग हा सिनेमा संपला का?

कागद भरा. प्रभाला माहीत आहे का? आहे! हा माणूस रोज मागे येतो हे तिला कळलंय, तिला ते आवडतंय, आणि हा कधी तोंड उघडतो याची ती वाट बघतेय. माहिती तिच्याकडे आहे, आणि तिला ती माहिती आहे हे अरुणला माहीत नाही. मूळ लेखनातच तोल तिच्याकडे झुकलेला. रिमेक करणाऱ्यानं पाठलाग झाकून टाकण्यापेक्षा प्रभाची बाजू मोठी करावी. सकाळी स्टॉपवर ती मुद्दाम एक बस सोडते असं एक दृश्य टाकलं तरी अर्धं काम होईल.

काही अडसर एका मुलखात मरतात आणि दुसऱ्या मुलखात ठणठणीत असतात. भाषांतरित रिमेक चालतात ते त्यामुळे. फ्रँक काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये, म्हणजे १९३४ साली, लग्न न झालेल्या दोघांना एका खोलीत रात्र काढावी लागते आणि मध्ये दोरीवर घोंगडी टांगलेली. १९५६ साली हॉलिवूडनं त्यावर संगीतपट काढला आणि त्याच वर्षी आपल्याकडे राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ आला. हॉलिवूडचा तो संगीतपट आज फारसा कोणाच्या तोंडी नाही, ‘चोरी चोरी’ची गाणी अजून लोक गुणगुणतात. १९९१ साली ‘दिल है के मानता नहीं’नं तीच गोष्ट पुन्हा एकदा सांगितली आणि तीही चालली. साठ वर्षं होत आली तरी आपल्याकडे ती घोंगडी पातळ झाली नव्हती. हॉटेलच्या काउंटरवर आधार कार्ड पुढे करताना ज्या जोडप्याच्या पोटात गोळा येतो, त्याला विचारा ती आज किती जाड आहे.

हक्कांचं थोडक्यात सांगतो, कारण लोक त्यात फार घोळ घालतात. आपल्याकडे चित्रपटावरचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, आणि लेखकाच्या लेखनावरचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे सिनेमा मोकळा झाला तरी त्याच्या पोटातलं नाटक किंवा कथा मोकळी झालेली असेलच असं नाही. मात्र नुसत्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. ‘दोन अनोळखी माणसं पत्रातून प्रेमात पडतात’ ही कोणाची जहागीर नाही. याबद्दलचा आपला सर्वात गाजलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, १९७८ सालचा, आर. जी. आनंद यांच्या खटल्यातला, आणि गंमत म्हणजे तो एका रॉमकॉमवरूनच झाला. आनंद यांचं म्हणणं होतं की १९५६चा ‘नई दिल्ली’ हा चित्रपट त्यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून उचललाय. दोन्हींत प्रांताप्रांतांतल्या दुराव्याचा विषय होता. न्यायालय म्हणालं, विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे. दोन्ही पाहणाऱ्याला एक दुसऱ्याची नक्कल आहे असं वाटणार नाही.

त्या ‘नई दिल्ली’तला अडसर काय होता? घर. पंजाबी किशोर कुमारला दिल्लीत कोणी खोली देत नाही, म्हणून तो तमिळ असल्याचं सोंग करतो, आणि वैजयंतीमालाच्या प्रेमात पडतो. पुढे १९६६ साली हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’. तिथेही भाड्याची जागा, तिथेही सोंग. आणि त्याच सांगाड्यावर १९८८ साली सचिन पिळगांवकरांनी मराठीत ‘अशी ही बनवाबनवी’ केला.

बहुतेक मराठी माणसांना हा रिमेक आहे हेच माहीत नाही. रिमेकला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक काय द्यायचं? वसंत सबनीसांच्या संवादांनी ती गोष्ट अशी पुण्याची करून टाकली की मूळ कुठलं हा प्रश्नच उरला नाही. लीलाबाई काळभोर जागा देणार ती फक्त जोडप्यांना, म्हणून चार मित्रांतले दोघे साडी नेसतात. आज कोणी याला हात लावायचं म्हटलं, तर पुरुषानं बाईचं सोंग घेण्यातले काही विनोद गाळावे लागतील, मधुमेहाच्या औषधासाठी पैसे उकळण्याच्या थापा तशाच ठेवता येतील, आणि लीलाबाईंना आपल्याला फसवलं जातंय हे आधीच कळलेलं असलं तर कागदावरचा तोलही सुधारेल.

अडसराला मात्र हात लावायची गरज पडणार नाही. गेल्याच आठवड्यात एका मित्राच्या मुलासाठी पुण्यात जागा बघत होतो. मुलगा इंजिनिअर, पगार चांगला, अनामत एकरकमी द्यायला तयार. फोनवर मालकीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, भाडं सांगितलं, पार्किंगचं सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली. मग विचारलं, “फॅमिली आहे ना?”